दारावरचा शॉट

"हा व्हिडिओ तूच बनवला ना?" राजूभाऊंनी मोबाईल माझ्या नाकासमोर धरला.

मी बनवला होता आणि नव्हताही. सहा सेकंदांचा तुकडा होता. एका घराच्या चौकटीतून मंगलाताई बाहेर पडतात. कुणाकडे बघत नाहीत, हात जोडत नाहीत, एक शब्द बोलत नाहीत, पाठ करून निघून जातात. खाली लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'मत मागायला आल्या, पाठ दाखवून गेल्या'. मागे खदखदा हसण्याचा आवाज जोडला होता. अक्षरं आणि हसणं विरोधकांचं होतं, शॉट माझा होता.

विधानसभेच्या प्रचाराचा शेवटचा दिवस होता आणि सकाळचे अकरा वाजले होते. धुळ्यात एका कापड दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमचं कार्यालय होतं. संध्याकाळी सहाला प्रचार थांबणार होता. त्यानंतर आम्ही काही पोस्ट केलं तर तो आचारसंहितेचा भंग ठरला असता. म्हणजे जे काही निस्तरायचं ते सात तासांत. तोवर हा तुकडा मतदारसंघातल्या प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरत राहणार होता. राजूभाऊ ताईंचे धाकटे दीर. ताई अपक्ष उभ्या होत्या आणि त्यांचा सगळा प्रचार राजूभाऊच हाकत होते. तीन आठवड्यांत त्यांचा आवाज बसला होता, त्यामुळे ते ओरडत होते की कुजबुजत होते हे कळायचं नाही.

माझ्याबद्दल थोडं सांगते, नाहीतर चूक कुठून आली ते कळणार नाही. जळगावला पिंप्राळ्यात आमचा छोटा स्टुडिओ आहे. नवरा शूटिंग करतो, मी एडिटिंग करते. बारा वर्षं मी लग्नाचेच व्हिडिओ केले. आमच्या एका लग्नाच्या रीलवर ताई खूश झाल्या आणि महिनाभरासाठी मला धुळ्याला घेऊन आल्या. रील म्हणजे मोबाईलवर उभा दिसणारा, मिनिटभराच्या आतबाहेरचा व्हिडिओ. ताईंचं पेज सांभाळायचं, गावोगावच्या भेटी शूट करायच्या आणि संध्याकाळी रील टाकायचं, हे माझं काम. कॅमेरा म्हणजे माझा मोबाईलच.

लग्नाच्या एडिटिंगने माणसाला एक वाईट सवय लागते. सगळं जग स्लो-मोशनमध्ये दिसायला लागतं. अक्षता हवेतच राहतात, पदर अर्धा उडून थांबतो, आणि आपण खुर्चीत बसल्या बसल्या त्या थांबलेल्या जगात तासन्‌तास फिरत राहतो. नवरा म्हणतो, तुझ्याशी बोलायचं तर आधी प्ले दाबावं लागतं. दुसरी सवय म्हणजे रडणं कापायचं. पाठवणीचं चालतं, तेही गाण्याखाली झाकून. बाकी कुणाचे डोळे ओले दिसले की कात्री.

तो शॉट चार दिवसांपूर्वीचा होता. सोनगीरच्या अलीकडे हायवे सोडून आत एक गाव आहे. तिथले एक नाना वारले होते. ताई त्यांच्या घरी दारावर गेल्या. आमच्या खान्देशात ज्या घरी मयत झाली तिथे भेटायला जाण्याला दारावर जाणं म्हणतात. बायका दारातूनच रडत शिरतात, घरातल्या बायका त्यांच्या गळ्यात पडतात, आणि रडता रडता गेलेल्या माणसाशी बोलतात. थोड्या वेळाने सगळं शांत होतं. मग पाहुणा नुसता उठतो आणि चालू लागतो. अशा घरातून 'येतो' म्हणत नाहीत. पुन्हा अशा कामासाठी यायचं असतं का? नमस्कारही करत नाहीत, मागे वळूनही बघत नाहीत.

मला हे सगळं ठाऊक होतं. माझ्या स्वतःच्या आत्याच्या दारावर मी अशीच उठून आले होते. तरी त्या दिवशी मी कोपऱ्यात मोबाईल धरून उभी राहिले. बाई असून रडायला बसले नाही, ही एक गोष्ट मला आजही खुपते.

पण काय उजेड होता त्या घरात! कपाशीचे दिवस होते. भाव वाढायची वाट बघत पुढच्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस भरून ठेवलेला. खिडकीतून तिरपं ऊन त्या पांढऱ्या ढिगावर पडत होतं आणि सगळी खोली आतून उजळल्यासारखी झाली होती. हवेत तंतू तरंगत होते. नानांच्या बायकोला, अक्कांना, जवळ घेऊन ताई त्या ढिगाला टेकून बसल्या होत्या. मग ताई उठल्या, चौकटीत आल्या. बाहेरचं ऊन आणि आतलं ऊन यांच्या मधोमध दोन पावलं त्या काळ्या सावलीसारख्या दिसल्या आणि पदराला चिकटलेले कापसाचे पुंजके चमकले.

असा शॉट एडिटरच्या हाताला वर्षातून एकदा लागतो. मी तो टाकून देऊ शकले नाही. 'ताई तुमच्या दारी' नावाच्या रीलमध्ये अकरा गावं होती. कुठे औक्षण, कुठे भाकरी, कुठे पोरांशी टाळ्या. रडणं मी सवयीने कापलं. मयताचं घर आहे असं सांगणारी प्रत्येक गोष्ट सभ्यपणाच्या नावाखाली गाळली. आणि चौकटीतला शॉट ठेवला, वर आणखी स्लो केला. इतर दहा घरांतून हात जोडत निघणाऱ्या ताई अकराव्या घरातून शांतपणे पाठ फिरवून निघाल्या. मला ते स्वप्नासारखं दिसत होतं. विरोधकांच्या एडिटरला त्यात पाठ दिसली. त्याने त्याचं काम चोख केलं, हे मान्य करायला हवं.

"पूर्ण व्हिडिओ आहे का तुझ्याकडे? रडण्यासकट?" राजूभाऊंनी विचारलं.

"आहे. रॉ फुटेज आहे." रॉ फुटेज म्हणजे न कापलेलं, जसं घडलं तसं चित्रण. ते माझ्या मोबाईलमध्ये होतं आणि कार्यालयातल्या माझ्या लॅपटॉपवरही.

"मग टाक ना! चार मिनिटांचं रडणं बघितलं की लोकांना कळेल दारावर गेल्या होत्या. वर जरा सहानुभूती पण मिळेल."

त्यांचं काही चूक नव्हतं. रोगावरचं औषध आमच्याच कपाटात होतं. मी लॅपटॉप उघडलाही. पण राजूभाऊंनी प्रचारफेरीत असलेल्या ताईंना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. मागे घोषणा चालू होत्या.

"अक्कांना विचारलं का?" ताई म्हणाल्या.

"वहिनी, विचारायला वेळ कुठे आहे?"

"मयत त्यांच्या घरातली आहे, राजू. स्वाती, तू जा. त्या हो म्हणाल्या तर टाक. नाही म्हणाल्या तर विषय संपला."

"विषय संपला की आपणही संपलो," राजूभाऊ म्हणाले. पण तोवर फोन बंद झाला होता.

फेरीतली गाडी मोकळी होऊन आली तेव्हा दोन वाजले होते. मी तीत बसले. धुळ्याबाहेरची नगावबारी मागे पडली. हायवेला कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती आणि दोन्ही बाजूंच्या बाभळींना पांढरे पुंजके अडकले होते. लांबवर सोनगीरचा किल्ला धुरकट उन्हात दिसायला लागला. तो बराच वेळ पुढेही येईना आणि मागेही जाईना. माझे डोळे मिटत होते. मनातल्या मनात मी तो शॉट पुन्हा पुन्हा कापत होते. दर वेळी वाटायचं, कापला. डोळे उघडले की तो तिथेच.

अक्का त्याच खोलीत, त्याच ढिगाला टेकून बसल्या होत्या. सून आत भाकरी थापत होती. मुलगा शेतात गेला होता. मी काय झालं ते सांगितलं. सहा सेकंदांचा तुकडा दाखवला. अक्कांना आधी राग आला. आमच्या अहिराणीत त्या म्हणाल्या,

"हाई तर मना दारवरनी गोट शे! आठेथून कोनी हात जोडीसन जास का?"

"तेच लोकांना दाखवायचंय, अक्का. त्यासाठी पूर्ण व्हिडिओ टाकावा लागेल. त्यात तुम्ही आहात. बघा आणि सांगा."

आत सून होती म्हणून मी माझा हेडफोन अक्कांच्या कानांवर चढवला. पदरावरून तो मोठा काळा हेडफोन घालून त्या मोबाईलमध्ये बघू लागल्या. मला आवाज येत नव्हता, पण तो मला पाठ होता. मी रील कापताना चारपाच वेळा ऐकला होता. रडता रडता अक्का नानांना म्हणत होत्या, दोन दिवस तुम्ही खाटेवर तळमळलात, मी पोराच्या हातापाया पडले, पोराने गाडी काढली नाही. सून म्हणाली उद्या बघू. तुमचा उद्या आलाच नाही.

अक्कांच्या चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उतरत गेला.

"मी असं बोलनू?" हेडफोन घातलेली माणसं बोलतात तशा त्या मोठ्यांदा म्हणाल्या. आतला भाकरीचा आवाज थांबला. अक्कांनी तोंडावर हात ठेवला. मग भाकरीचा आवाज पुन्हा सुरू झाला.

मी हेडफोन काढला. त्या हळू आवाजात बोलू लागल्या.

"रडामा बाई काय बी बोलस. पोऱ्या तठेच ओटावर व्हता. त्यानी आयकं, मान खाले घाली लिधी. रातले त्यानीच माले जेवाले वाढं. बठ्ठं मिटनं तठेच." मग त्यांनी मोबाईलकडे बोट दाखवलं. "आते हाई मिटाव नही ना?"

मी नाही म्हटलं. इंटरनेटवर गेलेलं मिटत नाही. कुणीतरी डाउनलोड करतं, कुणीतरी त्याचेही सहा सेकंद कापतं.

"मग नको. माले याच घरमा ऱ्हानं शे, बाई. तिन्हाच हातनी भाकर खानी शे." त्या थांबल्या. "ताईनं नुसकान व्हई का?"

"होईल."

"मोठं?"

"बहुतेक."

त्यांचे डोळे भरून आले. ताईंनी त्यांना जवळ घेतलं होतं, हे त्या विसरल्या नव्हत्या. पण त्यांनी मान हलवली ती नकाराचीच. मलाही रडू आलं, आणि या वेळी हातातला मोबाईल खाली होता. मी त्यांच्याजवळ कापसाला टेकून बसले आणि आम्ही दोघी आवाज न करता रडलो. आवाज केला असता तर सून बाहेर आली असती.

थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "एक सावा परत दखाड. सुरवातनं. ते खुंटी दिखस तठे थांबाड."

मी व्हिडिओ तिथे थांबवला. ढिगाच्या वर भिंतीला एक खुंटी, तिच्यावर नानांची पांढरी टोपी. नंतर ती नानांच्या कपड्यांबरोबर देऊन टाकली होती. अक्का कितीतरी वेळ त्या टोपीकडे बघत राहिल्या. ऊन सरकत त्यांच्या गुडघ्यावर आलं. खोलीत तंतू तरंगत होते. मला घड्याळ बघायचं भान नव्हतं आणि खरं सांगायचं तर इच्छाही नव्हती. त्या एका थांबलेल्या चित्राचा मी फोटो करून दिला, अक्कांच्या मोबाईलवर पाठवला. मग त्या म्हणाल्या, "बाकीनं पुसी टाक."

मी त्यांच्यासमोर ते फुटेज मोबाईलमधून पुसलं. डिलीट केलेलं महिनाभर मोबाईलच्या कचराकुंडीत पडून असतं, तिथूनही पुसलं. मग आठवलं, एक प्रत धुळ्याला लॅपटॉपवर आहे. तेवढ्यात राजूभाऊंचा फोन आला. पावणेपाच वाजले होते.

"काय झालं?"

"नाही म्हणाल्या."

"लॅपटॉपचा पासवर्ड सांग."

"राजूभाऊ, त्या नाही म्हणाल्यात."

"मी ऐकलं. पासवर्ड सांग. तुझं नाव कुठे येणार नाही."

"नाही सांगणार."

"तुझ्या चुकीने हे झालंय, स्वाती! तू तो शॉट ठेवला! वहिनी तीन आठवडे पायी फिरतायत, त्यांच्या टाचा फुटल्यात, आणि तू पासवर्ड अडवून बसलीस?"

प्रत्येक शब्द खरा होता. फोन कानाला धरूनच मी गाडीत जाऊन बसले आणि म्हटलं, "ताईंना सांगा, मी सोनगीर फाट्यावर येतेय."

ताईंची फेरी परतीच्या वाटेवर सोनगीर फाट्याला थांबली होती. मी पोचले तेव्हा सहाला पंचवीस मिनिटं कमी होती. ताई एका चहाच्या टपरीमागे बाकावर बसून टाचेवरची पट्टी बदलत होत्या. मी सगळं सांगितलं, पासवर्डचंही. अक्का काय म्हणाल्या ते मात्र सांगितलं नाही, नुसतं नको म्हणाल्या इतकंच.

"बरं केलं," ताई म्हणाल्या. त्यांनी टाच दाबून बघितली. "आपण लाईव्ह जाऊ. मी बोलते."

लाईव्ह म्हणजे पेजवरून थेट प्रक्षेपण. त्यात कापायला काही मिळत नाही, म्हणून एडिटर लोकांना ते आवडत नाही. मी चटकन जागा बघितली. किल्ल्यामागे ऊन उतरत होतं, सगळी हवा केशरी झाली होती. ताईंना दोन पावलं डावीकडे घेतलं असतं तर किल्ला बरोबर खांद्यावर आला असता.

"ताई, जरा इकडे..."

"सुंदर करू नको," त्या म्हणाल्या. "नुसतं धर."

मी नुसतं धरलं. मागे टपरीचा पत्रा आणि सांडलेली चहापत्ती. ताई अहिराणीत बोलल्या.

"मी ज्या घरमातीन काहीच न बोलता निंघनू, ते दारवरनं घर व्हतं. कोनं ते मी सांगाव नही. व्हिडिओ मना मानसेसनीच बनाडा, आनि तो चुकना. दारवरथून कसं निंघतस ते तुम्हले मालूम शे. पटनं तर ठीक, नही पटनं तरी ठीक. मना राम राम."

एवढंच. मधल्या दोन वाक्यांवर ट्रकचा हॉर्न आला. एकदा चित्र गोठलं, नेटवर्क परत आलं तेव्हा ताई बोलून थांबल्या होत्या आणि कॅमेऱ्याकडे बघत होत्या. सहाला चार मिनिटं असताना मी लाईव्ह बंद केलं. मग आम्ही कार्यालयात गेलो आणि मी ताईंच्या देखत लॅपटॉपवरची प्रत पुसली. राजूभाऊ खिडकीकडे तोंड करून उभे होते. त्यांच्या खांद्यांकडे बघवत नव्हतं.

निवडणुकीत ताई पडल्या.

लाईव्ह थोड्या लोकांनी बघितलं, सहा सेकंद पुष्कळांनी. अक्कांच्या गावात आणि आसपासच्या दोन-तीन गावांत ताई पुढे होत्या. तिथे बायकांनी एकमेकींना काय झालं ते सांगितलं होतं, मोबाईलशिवाय. धुळ्याच्या बाजूला तशी सांगणारी कुणी नव्हती. मतमोजणीच्या दिवशी मी ताईंसमोर रडले. माझ्यामुळे झालं म्हटलं. ताई म्हणाल्या, "तुझ्यामुळेही झालं." खोटा दिलासा त्यांनी दिला नाही, म्हणून मला त्या अजून आवडतात.

त्यानंतर मी निवडणुकीची आणखी कामं केली. एक अट मात्र कामाच्या आधी सांगते. लग्न, सभा, औक्षण, शेत, सगळं शूट करीन. दारावर कॅमेरा नेणार नाही. बहुतेक उमेदवार हो म्हणतात, कारण त्यांना वाटतं ऐनवेळी मी ऐकेन.

गेल्या खेपेला जळगावच्या एका उमेदवारांनी मात्र मला सरळ विचारलं, "मॅडम, मग आम्ही भेटून आलो हे लोकांना कळणार कसं?"

"ज्यांना भेटलात त्यांना कळतं ना," मी म्हटलं.

ते हसले, मला चहा पाजला आणि दुसऱ्या माणसाला काम दिलं. ते निवडून आले. त्यांच्या पेजवर आठवड्याला एखादं घर रडताना दिसतं. एडिटिंग चांगलं आहे, आवाजही स्वच्छ येतो.